आधी मागायला शीक

प्रिय बंधो,

तुझे पत्र पोहोचले. माउंट हागेनजवळच्या तुझ्या नव्या धर्मग्रामात थंडी किती पडते आणि घराचे छप्पर कोठे गळते, हे तू बरेच सविस्तर लिहिले आहेस. पापुआ न्यू गिनीच्या त्या उंच डोंगराळ भागात थंडी असायचीच, आणि छपराचे काम गावातली मुले एका दुपारी करून देतील, तेव्हा त्याविषयी मी काही लिहीत नाही. खरे दुखणे तू शेवटच्या पानावर घाईघाईने उरकले आहेस. सकाळच्या मिस्सापासून व्हरांड्यात माणसे येऊन बसतात. कोणाला मीठ हवे असते, कोणाला मुलाच्या शाळेची फी, कोणाला आजाऱ्यासाठी गाडी. तू देत राहतोस आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तुला वाटते की या लोकांना मी नको आहे, माझी गाडी हवी आहे. किती द्यावे आणि कोठे थांबावे, असा तुझा प्रश्न आहे.

माझ्या मते प्रश्नच चुकला आहे. तू त्यांच्याकडे आजवर काय मागितलेस, ते मला कळव. तुझे पत्र मी पुन्हा वाचले आणि त्यात तू घेतल्याचा एकही उल्लेख मला सापडला नाही. वस्तीभोवती रताळ्यांचे मळे पसरले आहेत आणि तू हागेनच्या दुकानातून तांदूळ आणि डब्यातली मासळी आणून खातोस. का, तर 'लोकांवर भार नको'. अरे, भार होणे म्हणजेच तेथे राहायला जाणे. ज्याचा कोणावर भार नाही, तो कितीही वर्षे राहिला तरी दुकानदार किंवा सरकारी साहेब ठरतो.

तू ज्या लोकांत गेला आहेस, त्यांची देवघेवीची जाण तुझ्या-माझ्यापेक्षा फार सूक्ष्म आहे. हागेनच्या मेल्पा भाषक लोकांत 'मोका' चालतो: एक कुळ दुसऱ्याला डुकरे देते, काही काळाने दुसऱ्याने घेतल्यापेक्षा अधिक परत करायचे, आणि ते जे अधिक असते त्यावर देणाऱ्याची प्रतिष्ठा ठरते. तेथे देणारा मोठा होतो आणि घेणारा परतफेडीपर्यंत त्याचा ऋणी राहतो. आता या हिशेबात तुझी जागा कोठे येते, ते पाहा. तू रोज देतोस आणि काहीच घेत नाहीस. म्हणजे रोज सकाळी त्यांना लहान करतोस आणि मोठे होण्याची संधीही देत नाहीस. मग त्यांनी तुला गाडीचा मालक समजून आणखी मागितले, तर रागावतोस कशाला?

हे नवे नाही. 1933 मध्ये सोने शोधणारे ऑस्ट्रेलियन लेही बंधू आणि सरकारी अधिकारी जिम टेलर हागेनजवळच्या वाघी खोऱ्यात उतरले आणि पुढच्याच वर्षी कॅथलिक मिशनरी फादर विल्यम रॉस हागेनला पोहोचले. त्या काळी डोंगरातल्या माणसांना सर्वांत मोलाचा होता तो समुद्रातला मोत्याचा मोठा शिंपला, ज्याच्या नावावरून 1975 मध्ये त्या देशाने आपल्या चलनाला 'किना' हे नाव दिले. गोऱ्या लोकांनी आणि त्यांत आपल्या मिशनऱ्यांनीही हे शिंपले विमानाने आणून मजुरी आणि अन्नधान्याच्या मोबदल्यात इतके वाटले की पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या वस्तूचे मोल घसरत गेले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण बाहेरून आलेल्या माणसाचा हात फार सैल असला की गावाचा तोल कसा जातो, ते यातून दिसते.

देणे हे घेण्यापेक्षा धन्यतेचे आहे, हे वचन तू मला लिहून पाठवले आहेस. मला पाठवतोस? ते मी तुझ्या जन्माआधीपासून प्रवचनांत ऐकवत आलो आहे. पण त्याच प्रभूने शमरोनी स्त्रीशी बोलणे सुरू केले ते विहिरीवर पाणी मागून, तिला काही देऊन नव्हे. शिष्यांना धाडतानाही लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात त्याने बजावले की थैली घेऊ नका, ज्या घरात स्वीकार होईल तेथेच राहा आणि ते जे वाढतील ते खा. आपण त्यातला 'जा' एवढाच शब्द उचलला आणि थैली भरून निघालो. आधी मागायला शीक. मग द्यायचे काय ते तेथली माणसेच तुला सांगतील.

माझ्या तेथल्या पहिल्या वर्षी मी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईकडे रताळ्याचे वेल मागितले. सगळी वस्ती हसली, कारण तेथे चर खणणे पुरुषाचे काम आणि रताळी लावणे बाईचे. ती मात्र बिलूम, म्हणजे तिकडची विणलेली झोळी, कपाळावरून पाठीवर सोडून आली. त्यात ओल्या पानांत गुंडाळलेले वेलींचे तुकडे होते. चरांनी आखलेल्या चौकोनात तिने अणकुचीदार काठीने माती उकरली, दोन-तीन तुकडे एकत्र तिरके खोचले, वरची माती तळव्याने दाबली आणि माझा हात धरून पुढचा वाफा माझ्याकडून करून घेतला. पीक आल्यावर ती हक्काने वाटा मागायला आली. तिच्या त्या मागण्याने मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या दीक्षाविधीच्या दिवशी झाला असेल की नाही, कोण जाणे.

तू तर वसईचा, तुझ्या आजोबांच्या वाडीत पानवेली होत्या. तेथे कोणी सुपारी पुढे केली, तर ती घे. पानाऐवजी त्याच जातीच्या वेलीचा लांबट दाणेदार तुरा चुन्यात बुडवून ते लोक सुपारीबरोबर चावतात. एकदा चाव, तोंड लाल होऊ दे, त्यांना हसू दे. (सवय लावून घेऊ नकोस; तोंडाच्या कर्करोगाने त्या देशात फार माणसे जातात.) आणि हे मागणे केवळ खाण्यापिण्यापुरते नाही. 1579 मध्ये गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू ख्रिस्ताची कथा सांगायची म्हणून युरोपातले काव्यवृत्त येथे घेऊन बसला नाही. त्याने आपल्या संतांची ओवी घेतली आणि 1616 मध्ये राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. आधी तो आपल्या भाषेचा ऋणी झाला, म्हणूनच त्याचे देणे आपल्याला आजही परके वाटत नाही.

माझ्या नावावर तेथे एकही इमारत नाही, हे तू ऐकले असशील. आमच्या या निवृत्तांच्या घरात जेवणाच्या टेबलावर मला ते अजूनही ऐकवले जाते. वार्षिक अहवालात 'नवे उपक्रम' या रकान्यात मी रेघ ओढत असे, आणि एका वरिष्ठांनी त्याला आळसाचे तत्त्वज्ञान म्हटले होते. म्हणू देत. आळशी माणसाला लोक आपल्या मळ्यात चर खणायला बोलावत नाहीत, आणि मला बोलावत. वडील गेल्याची तार वसईहून आली तेव्हा मला निघता येणे शक्य नव्हते. त्या संध्याकाळी वस्तीने माझ्या अंगणात 'हाउस क्राय', म्हणजे मृतासाठी एकत्र बसून करायचा शोक, मांडला. अंगाला चिखल फासून बायका माझ्या वडिलांसाठी, ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते, रात्रभर रडल्या. रताळी आली, केळी आली, एक डुक्कर आले. कोणत्या इमारतीने हे घडवले असते?

त्या डुकराची परतफेड होण्याआधी माझी बदली झाली, आणि ही खंत मला अजून आहे. माझ्या वतीने ते देणे फेडायला मात्र तू जाऊ नकोस. ते माझे आहे आणि ते तसेच राहिलेले मला चालेल. निदान त्या वस्तीत माझे नाव कोणाच्या तरी हिशेबात आहे.

व्हरांड्यातल्या माणसांचे काय, हे तू पुन्हा विचारशील. आजाऱ्याला गाडी दे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. फीसाठी आलेल्या बापाला आधी तुझ्या कुंपणाचे काम सांग आणि ते त्याच्या पद्धतीने होऊ दे. मीठ दिलेस तर दुसऱ्या दिवशी त्याच घरी जाऊन चुलीपाशी बस आणि भाजलेले रताळे माग. काही ठिकाणी नकार मिळेल. तोही घेता आला पाहिजे. टोक पिसिन या देशभरच्या बोलीवर थांबू नकोस, ती बाजाराला पुरते. मेल्पा तुझ्या कॅटेकिस्टकडून, म्हणजे गावातल्या धर्मशिक्षकाकडून, शीक आणि त्या तासाभरापुरता तरी त्याला गुरू मान, नाहीतर तू त्याला घंटा वाजवायलाच ठेवशील.

राहता राहिला आपल्या संघाच्या प्रांताधिकाऱ्यांनी मागितलेला प्रकल्पाचा आराखडा. पहिल्या वर्षी काही पाठवणार नाही, असे त्यांना स्वच्छ लिही. ते नाराज होतील. हे खूळ डोक्यात कोणी भरवले, असे त्यांनी विचारले, तर माझे नाव सांग. त्यांना आश्चर्य वाटणार नाही. वेलींच्या लागवडीला हा महिना बरा आहे की नाही, ते मात्र मला विचारू नकोस, शेजारच्या बायकांना विचार.

तुझा,
एक म्हातारा फादर