साखर बंद केली तर मेंदूतील गाठ उपाशी राहील का?

प्रश्न : नात्यातील ५८ वर्षांच्या गृहस्थांना ग्लिओब्लास्टोमा (मेंदूतील कॅन्सरची गाठ) झाला आहे. ‘कॅन्सर साखरेवर जगतो, भात-पोळी तोडा’ असे जो तो सांगतो. तपासणीच्या अहवालात ‘ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन’ असे लिहिले आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, पण सल्ला देणाऱ्यांना वाटतो तसा नाही.

ईजीएफआर हे पेशीच्या आवरणात बसलेले प्रोटीन कायनेज आहे. एटीपी या ऊर्जा वाहणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला जोडायचा, हे कायनेजचे काम. माणसात अशी पाचशेहून अधिक कायनेजेस आहेत. फॉस्फेट बसला की ते प्रथिन कामाला लागते, थांबते किंवा पेशीतली जागा बदलते. निरोगी पेशीत ईजीएफआर बाहेरून वाढीचा संदेश आल्यावरच जागे होते. या गाठींत त्याच्या जनुकाच्या कितीतरी प्रती झालेल्या असतात; अहवालातले ‘अ‍ॅम्प्लिफिकेशन’ ते हेच. काहींत तर २ ते ७ क्रमांकाचे एक्झॉन (जनुकातील प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) गळालेले रूप असते, जे संदेश नसतानाही चालूच राहते.

पुढची साखळी अशी : ईजीएफआर पेशीतल्या पीआय३के या विकराला (एन्झाइमला) चेतवते आणि ते एकेटी या कायनेजला. एकेटी ग्लूट-१ हे ग्लुकोज आत घेणारे प्रथिन पेशीच्या आवरणावर वाढवते आणि हेक्सोकायनेज-२ हे विकर मायटोकॉन्ड्रियाला चिकटवून ठेवते. हे विकर आत आलेल्या ग्लुकोजला लगेच फॉस्फेट लावते, मग ते ग्लुकोज बाहेर पडू शकत नाही. दुसऱ्या फांदीवर ईआरके हे कायनेज पीकेएम२ या विकराच्या ३७व्या सेरिनवर फॉस्फेट बसवते. मग पीकेएम२ केंद्रकात शिरते आणि ग्लूट-१ व ग्लुकोजपासून शेवटी लॅक्टेट बनवणाऱ्या विकराची जनुके आणखी जोरात चालवते. शिवाय एकेटी एसआरईबीपी-१ या चरबी बनवणारी जनुके चालवणाऱ्या प्रथिनाला जागवते, म्हणजे नव्या पेशींच्या आवरणांसाठी लागणारी चरबीही तयार होऊ लागते.

म्हणजे ग्लुकोज किती ओढायचे ते गाठीतली कायनेजेस ठरवतात, ताटातला भात नाही. माणूस एक-दोन दिवस जेवला नाही तरी यकृत रक्तातील साखर डेसिलिटरला ६०-७० मिलिग्रॅमच्या खाली सहसा जाऊ देत नाही, आणि गाठीला तेवढी पुरते. कमी पडलेच तर ती ग्लुटामिन आणि अ‍ॅसिटेटही वापरते. कीटोजेनिक (पिष्ट-साखर अगदी कमी, चरबी जास्त) आहारावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण आयुष्य वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. रेडिएशन चालू असताना वजन घटणे मात्र नक्की नुकसानीचे.

साखरेवर लक्ष ठेवायचे ते वेगळ्या कारणासाठी. सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोनने ती चढते, म्हणून नियमित तपासा. ते औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

प्रश्न : फुप्फुसाच्या कॅन्सरवर ईजीएफआर रोखणाऱ्या गोळ्या चालतात. मेंदूत का चालत नाहीत?

उत्तर : फुप्फुसात बिघाड बहुधा कायनेजच्या गाभ्यातच असतो, मेंदूतील गाठींत बाहेरच्या भागात. त्यामुळे रेणूचा आकार बदलतो आणि जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या त्यात तितकी घट्ट बसत नाहीत. शिवाय रक्त-मेंदू अडथळ्यातले पंप ही औषधे परत रक्तात ढकलतात. एकाच गाठीत शेजारच्या पेशी पीडीजीएफआरए किंवा मेट या वेगळ्याच कायनेजवर चालत असतात, ते निराळेच.

साखळीतली खालची कडी, एमटॉर हे कायनेज, दाबून पाहिली तर उलटे घडू शकते : एमटॉरकडून पीआय३केवर असलेला लगाम सुटतो आणि एकेटी वाढते. नव्या रुग्णांत टेमोझोलोमाइड (केमोचे औषध) आणि रेडिएशनबरोबर एमटॉर दाबणारे एव्हरोलिमस दिलेल्या एका चाचणीत तर रुग्ण कमी काळ जगले.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात यू-८७ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूगाठीच्या) पेशींना एर्लोटिनिब देतो. फॉस्फो-एकेटीही (फॉस्फेट बसलेले, म्हणजे चालू एकेटी) उतरत नाही, लॅक्टेटही नाही. औषध खराब असेल का?

उत्तर : आधी पेशींवर संशय घ्या. यू-८७मध्ये पीटेन नाही. पीआय३केचे काम उलटवणारे हे विकर नसले की वरून ईजीएफआर दाबूनही एकेटी चालू राहते. औषध तपासायचे तर ईजीएफआरवरचाच फॉस्फेट मोजा आणि तुलनेसाठी पीआय३के रोधक दिलेला एक नमुना ठेवा.

नेहमीच्या हाय-ग्लुकोज डीएमईएम या पेशी वाढवायच्या माध्यमात २५ मिलिमोलर ग्लुकोज असते, रक्तात सुमारे ५. चयापचय पाहायचा असेल तर ५वर या. मात्र दाट वाढलेल्या पेशी ते रात्रभरात संपवतात. मग एएमपीके हे ऊर्जा कमी पडल्यावर चालू होणारे कायनेज जागते आणि तुम्ही औषधाऐवजी उपासमारीचा परिणाम मोजत बसता. म्हणून औषध द्यायच्या दोन तास आधी माध्यम बदला आणि शेवटी उरलेले ग्लुकोजही मोजा.

लॅक्टेटचा आकडा पेशींच्या संख्येने किंवा एकूण प्रथिनाने भागल्याशिवाय लिहू नका; औषधाने पेशीच कमी झाल्या तर लॅक्टेट आपोआप कमी दिसते.

लायसिस (पेशी फोडणे) बर्फावरच करा. बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट १ आणि सोडियम फ्लुओराइड १० मिलिमोलर घाला, नाहीतर फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारी विकरे) काही मिनिटांत खूण पुसून टाकतात. वेस्टर्न ब्लॉटच्या ब्लॉकिंगला दूध पावडर टाळा, ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) घ्या : दुधातील केसीनवर फॉस्फेट असतो, त्याने पार्श्वभूमी काळी येते.