तोंडातून हवा जाते म्हणून थेट फुल फेस मास्क घेण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि ओळ न् ओळ ओळखीची वाटली. सीपॅप, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडतो त्यावर मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. तुमचा नाकाचा मास्क, दाब आपोआप कमीजास्त करणारं ऑटो मशीन ४ ते २० प्रेशरवर, पहाटे तीनला घसा कोरडाठाक होऊन जाग, ओठांच्या ‘फुर्र फुर्र’ने शेजारचं माणूस जागं, सकाळी लीकचा (गळणाऱ्या हवेचा) आकडा मिनिटाला ३८ लिटर आणि एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा) ७. त्यावर पुरवठादाराचं उत्तर एका वाक्यात: नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घ्या. घ्यायचा तर घ्याल, पण दोन आठवडे थांबा.

सीपॅप कसं चालतं, मास्कची कुशन (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) रोज धुवायची, मास्क आडवं पडून आणि हवा सुरू ठेवून बसवायचा, हे सगळं तुम्हाला येतंच असं धरून पुढे लिहितोय. मी डॉक्टर नाही. प्रेशरचा विषय जिथे येईल तिथे तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

आधी आकड्याबद्दल, कारण मला सगळ्यात महागात पडलं ते हेच. मशीन देणाऱ्या कार्यालयात रिपोर्ट उघडतात, एक मध्यक बघतात, ‘६ लिटर, मर्यादेत आहे’ म्हणतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात. मध्यक ६ म्हणजे निम्मी रात्र लीक ६ च्या खाली होतं, एवढंच. उरलेल्या निम्म्या रात्रीत सलग दीड तास ६० लिटरने हवा गळत असली तरी तो आकडा हलत नाही. वर्षभर असं ‘मर्यादेत’ राहून माणूस दिवसा पेंगत असतो आणि दोष त्याच्या ‘सवय न होण्याला’ लागतो. ॲपमधल्या गुणांवरही जाऊ नका. रेसमेड या मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये १०० पैकी ७० गुण नुसते मशीन किती तास चाललं याचे आहेत, मास्कच्या सीलचे जेमतेम २०.

तुमचा ३८ हा ९५ टक्क्यांचा आकडा (रात्रीतला ९५ टक्के वेळ लीक ज्याच्या खाली असतं तो) असेल तर त्याचा अर्थ असा: आठ तासांच्या झोपेत निदान २४ मिनिटं लीक ३८ किंवा त्याहून जास्त होतं. मात्र मशीन कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि तिथेच गोम आहे. रेसमेड मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडली जाणारी हवा वजा करून उरलेलं लीक दाखवतं, आणि त्यांची मर्यादा मिनिटाला २४ लिटर आहे. फिलिप्सची मशीन्स सगळी हवा धरून एकूण आकडा देतात. तिथे छिद्रांतून जाणारी हवाच प्रेशर वाढेल तशी २०, ३०, ४० लिटर होते. म्हणजे ३८ हा आकडा एका मशीनवर गडबड आणि दुसऱ्यावर जवळपास काहीच नाही. मास्कच्या माहितीपत्रकात कोणत्या प्रेशरला किती हवा सुटते त्याचा तक्ता असतो, तो काढून ताडून बघा. रेसमेड असेल तर सेटिंगमध्ये मास्कचा प्रकारही तपासा. नाकाचा मास्क लावलेला आणि मशीनमध्ये ‘पिलो’ (नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क) निवडलेलं असेल तर वजाबाकी चुकते.

आता ग्राफ. मशीनच्या कडेला एसडी कार्डाची खाच असते. कार्ड रात्रभर आत असेल तरच श्वासागणिक नोंद होते, म्हणून आजच घालून ठेवा. सकाळी काढलंत की कार्डाच्या बाजूची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवा, नाहीतर संगणक त्यावर आपल्या फायली लिहून ठेवतो आणि काही मशीन्स मग रुसतात. परत मशीनमध्ये घालताना कळ उघडा. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर कार्ड वाचतं. त्यात लीकचा आणि फ्लोचा (आत-बाहेर जाणाऱ्या श्वासाचा) ग्राफ एकाखाली एक लावा.

मास्कच्या कडेची गळती सहसा प्रेशरबरोबर चढते आणि उतरते, किंवा कूस बदलली की सुरू होते आणि मास्क सारखा केला की थांबते. तोंडाची गळती वेगळी दिसते: रेघ एकदम उभी चढते, वर पठारासारखी पसरते, दहा-वीस मिनिटांनी तितकीच एकदम खाली येते, आणि उतरण्याच्या जागी बहुतेक वेळा जाग आलेली असते. त्या पठाराखालचा फ्लो मोठा करून बघा. श्वास घेतल्याचा वरचा डोंगर शाबूत असतो, पण सोडल्याचा खालचा खळगा छाटल्यासारखा उथळ होतो, कारण बाहेर जाणारी हवा नळीकडे न येता तोंडातून निसटलेली असते. अशा तासांतला एएचआय धरू नका, आणि त्या रात्री ऑटोने सुचवलेलं प्रेशरही धरू नका. एवढी हवा वाहत असताना मशीनला तुमचा श्वास धड दिसतच नाही.

तोंडाची गळती ठरली तरी ती कुठली, हा प्रश्न उरतोच. जबडा खाली पडतो ती एक. दात मिटलेले, पण गाल फुगून ओठांतून हवा फुरफुरते ती दुसरी. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी वाटते. ओठ फुरफुरायला ते जवळजवळ मिटलेले असावे लागतात. जबडा पडला असता तर आवाजाऐवजी नुसता वारा आला असता. एक रात्र मंद उजेडात मोबाइल लावून चित्रीकरण करा, खात्री होईल. हा फरक कळला नाही तर खरेदी चुकते, कारण चिनस्ट्रॅप (हनुवटीला बांधायचा पट्टा) जबडा उचलतो, ओठ बंद करत नाही.

खरं कुलूप ओठांवर नाहीच, ते आत आहे. आडवे पडा, मास्क लावा, मशीन सुरू करा, ओठ किंचित उघडा. हवा भसकन तोंडातून बाहेर येईल. आता ‘रंग’ म्हणा आणि ‘ग’ येण्याआधी अनुस्वारावरच थांबा: रङ्ङ्ङ. ओठ उघडेच असू द्या. हवा बंद! जिभेचा मागचा भाग टाळूच्या मऊ भागाला टेकला, तोंडाकडची वाट मिटली आणि नाकाकडची खुली राहिली. झोपेत नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं. जीभ तिथून ढिली पडली की बाकीचा सगळा खेळ सुरू. झोपायला पडल्यावर पाच मिनिटं जिभेचं टोक वरच्या दातांमागे ‘न’च्या जागी, पूर्ण पाठ टाळूला चिकटवलेली आणि ओठ मिटलेले, असं राहायची सवय लावा. एका रात्रीत काही होत नाही, तीन-चार आठवडे द्यावे लागतात. काहींना याचा काहीच उपयोग होत नाही, हेही सांगून ठेवतो.

पण जीभ ढिली का पडते? बहुतेकदा नाकामुळे. आणि इथेच ‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ चालू असतं: चोंदलंय नाक आणि आपण बंदोबस्त करतोय तोंडाचा. वर एक दुष्टचक्रही आहे. तोंडातून हवा गळू लागली की नाकातून हवा एकाच दिशेने, आतच वाहत राहते. एरवी सोडलेल्या श्वासाबरोबर ओलावा आणि ऊब नाकाला परत मिळते, ती मिळेनाशी होते. नाकाचं अस्तर कोरडं पडून सुजतं, नाक आणखी चोंदतं, तोंड आणखी उघडतं. म्हणून संध्याकाळी मोकळं असलेलं नाक पहाटे तीनला बंद असू शकतं, आणि ‘माझं नाक साफ आहे’ यावर मी विश्वास ठेवत नाही.

झोपण्याआधी अर्धा तास मिठाच्या पाण्याने नाक धुवा. लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे २५० मिलिलिटरला सव्वादोन ग्रॅम. वजन करून घ्या, चमच्याचा अंदाज चुकला की नाक झोंबतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देतो. पाणी उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड, नळाचं थेट कधीही नाही. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा फवारा दिला असेल तर डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, टोक बाहेरच्या बाजूला कानाकडे. मधल्या पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं. त्याचा गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. नाक तडकाफडकी मोकळं करणारे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब मात्र तीन-चार दिवसांवर वापरू नका, बंद केले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं.

ह्युमिडिफायर तुम्ही बंद ठेवलाय असं लिहिलंय, कारण नळीत पाणी साचतं. हा उलटा इलाज झाला. पाणी साचतं ते खोली थंड आणि नळी उघडी म्हणून. नळीला कापडी खोळ घाला किंवा तापणारी नळी घ्या, मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, आणि ओलावा दर दोन रात्रींनी एकेक आकडा वाढवा. सकाळी टाकीत किती पाणी उरलं तेही बघा. पहाटेच कोरडी पडत असेल तर तुम्हाला तीनला जाग येण्याचं एक कारण तेच.

मग प्रेशर. ४ ते २० हे खोक्यातून निघाल्यावरचं सेटिंग आहे, तुमच्यासाठी कोणी ठरवलेलं नाही. ४ वर अनेकांना हवा पुरत नाही, श्वासासाठी तोंड उघडतं. तिकडे वरची मर्यादा मोकळी असल्याने लीक झालं की मशीन गोंधळून प्रेशर चढवू शकतं, चढलेलं प्रेशर ओठ फोडून बाहेर येतं, लीक वाढतं. डॉक्टरांना ग्राफ दाखवा आणि कमी लीक असलेल्या रात्रींच्या आधारे खालची मर्यादा वर, वरची खाली आणता येईल का ते विचारा. बदल एका वेळी १ सेंमीपेक्षा (प्रेशर पाण्याच्या सेंमीत मोजतात) जास्त नको आणि मध्ये चार-पाच रात्री जाऊ द्या. एका रात्रीच्या आकड्यावर सेटिंग फिरवणारे लोक महिन्याभराने कुठून निघालो तेच विसरतात.

चिनस्ट्रॅपबद्दल माझं मत फारसं बरं नाही. हनुवटीखालून डोक्याच्या शेंड्याकडे, सरळ वर उचलणारा असेल तर ठीक. मानेमागे जाणारा पट्टा जबडा मागे ओढतो, जबड्याबरोबर जीभ मागे जाते आणि घसा आणखी अरुंद होतो, म्हणजे लीक कमी आणि अडथळे जास्त. सकाळी कानापुढचा सांधा दुखला तर काढून टाका. हनुवटी छातीकडे झुकून जबडा पडत असेल तर त्याहून बरा उपाय म्हणजे मऊ फोमची मानेची कॉलर, आत दोन बोटं सहज जातील इतकी सैल. त्याआधी फुकटातला उपाय: दोन उश्यांतली एक काढा. उंच उशी हनुवटी छातीला टेकवते.

ओठांना टेप लावायची चर्चा होणारच, म्हणून सांगतो. नाकाच्या मास्कला सहसा सुरक्षा झडप नसते. वीज गेली, मशीन थांबलं आणि तोंड बंद असलं तर नळीतली आपलीच सोडलेली हवा परत आत घ्यावी लागते. म्हणून आडवी, पूर्ण तोंड झाकणारी टेप नकोच. लावायची तर अडीच सेंमी रुंदीच्या कागदी वैद्यकीय टेपची एकच पट्टी, ओठांच्या मध्यावर उभी, खालचं टोक दुमडून ओढायला जागा ठेवलेली. दोन्ही कोपरे मोकळे राहिले पाहिजेत. आधी दिवसा जागेपणी पंधरा मिनिटं लावून बसा. सर्दी, मळमळ, जळजळ, मद्य किंवा झोपेची गोळी यांपैकी काहीही असेल त्या रात्री अजिबात नाही. डॉक्टर नको म्हणाले तर विषय संपला.

आता फुल फेस. तो वाईट नाही. नाकाचा पडदा खूप वाकडा आहे, नाक कशानेच मोकळं राहत नाही, अशांना तोच लागतो. पण त्याने गळती थांबत नाही, फक्त झाकली जाते. सीलची कड लांब, म्हणून गळायच्या जागाही जास्त. खालचे पट्टे ओढले की चौकट हनुवटी मागे दाबते. बऱ्याच जणांना त्याच घशासाठी नाकाच्या मास्कपेक्षा जास्त प्रेशर लागतं ते बहुधा यामुळेच. तरी घ्यायचा ठरलाच तर माप तोंड थोडं उघडं ठेवून घ्या. मिटलेल्या तोंडावर चपखल बसलेला मास्क झोपेत जबडा पडला की हनुवटीकडून उघडतो, आणि ते झाकायला आपण पट्टे आवळत राहतो.

आज रात्रीपासून फक्त दोन गोष्टी करा: कार्ड आत घाला, ह्युमिडिफायर सुरू करा. बाकी काही बदलू नका, मास्कही तोच. पाच रात्रींनी लीक, प्रेशर आणि फ्लो यांचा पूर्ण रात्रीचा एक ग्राफ टाका, आणि तीनला जाग येण्याआधीची दोन मिनिटं मोठी करून दुसरा. मशीन आणि मास्कचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका, त्याशिवाय ३८ वर बोलता येणार नाही.