वाचकांचे प्रश्न : जुनी शिडाची बोट आणि लांबची सफर

प्रश्न : आम्ही पती-पत्नींनी अकरा मीटर लांबीची, फायबरग्लासची, चाळीस वर्षे जुनी शिडाची बोट विकत घेतली आहे. आजवर ती किनाऱ्यालगतच फिरली. दोन वर्षांनी तिच्यातून महासागर ओलांडण्याचा आमचा मानस आहे. सौर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या, रडार, खारे पाणी गोडे करणारे यंत्र, मोठा फ्रिज अशी यादी आम्ही केली आहे, पण सगळे एकदम परवडणार नाही. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : आपल्या यादीतली एकही वस्तू निरुपयोगी नाही. मात्र त्या यादीत बोटीच्या तळाचा, डोलकाठीचा आणि सुकाणूचा उल्लेख नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. बाहेरचे पाणी बाहेर राहिले पाहिजे, डोलकाठी उभी राहिली पाहिजे आणि सुकाणू हाताला लागले पाहिजे. या तीन गोष्टींची खात्री होईपर्यंत फ्रिज आणि रडार दुकानातच असू द्यावेत, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

पहिले काम तळातल्या झडपांचे, ज्यांना आपण सगळे सीकॉक म्हणतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचे एक भोक मोकळे राहिले, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येते, म्हणजे हातपंपावरचा माणूस दमून जातो तरी पाणी चढतच राहते. जुन्या बोटींवर ब्राँझच्या झडपांच्या जागी कधीकाळी कोणीतरी साध्या पितळेच्या बसवलेल्या असतात. पितळेत तांबे आणि जस्त असते. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरतो तो तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा, ज्याचा बाहेरचा आकार मात्र जसाच्या तसा दिसतो. माझ्या पहिल्या बोटीच्या विक्रेत्याने झडपा नुकत्याच बदलल्याचे सांगितले होते. बोट किनाऱ्यावर उभी असताना मी स्वयंपाकघराच्या सिंकखालच्या झडपेला पाना लावला आणि जेमतेम जोर दिला, तोच ती गळ्यापाशी तुटून माझ्या हातात आली. तुटलेली कड पिवळी नव्हती, विटेसारखी गुलाबी आणि रवाळ होती. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. तेव्हा बोट पाण्याबाहेर काढल्यावर प्रत्येक झडप उघडून, खरवडून पाहावी, गुलाबी झाक दिसली तर विचार न करता बदलावी, प्रत्येक नळीला दोन पट्ट्या आवळाव्यात आणि झडप तुटलीच तर भोक बुजवायला प्रत्येक झडपेजवळ तिच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवावी. त्याच वेळी कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाखाली तोल राखणाऱ्या वजनदार पात्याच्या, बोल्टभोवती गंजाचे ओघळ आहेत का आणि कील व तळ यांच्या सांध्यात फट दिसते का, तेही पाहून घ्यावे.

डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांचे आयुष्य साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे धरतात. आपल्या बोटीच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या याचा कागद हाती नसेल, तर त्या बदलायच्याच आहेत असे समजावे. पण त्याहून फसवा भाग म्हणजे त्या तारा बोटीच्या अंगाला ज्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, त्या चेनप्लेट. स्टेनलेस स्टील गंजत नाही याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूच्या संपर्काने तयार होणारा पातळ थर. जिथे पाणी साचते पण हवा पोहोचत नाही, तिथे तो थर टिकत नाही आणि स्टील आतून चिरत जाते. चेनप्लेट डेकमधून खाली जाते तो अर्ध्या इंचाचा, डोळ्यांना कधीच न दिसणारा भाग नेमका तसा असतो. वरून चकाकणारी आणि खालून चकाकणारी पट्टी मध्येच तुटू शकते, म्हणून ती पूर्ण बाहेर काढून भिंगाखाली पाहण्याला पर्याय नाही.

ती काढलीच आहे, तर डेकही तपासून घ्यावा. अनेक फायबरग्लास बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपले की ते कुजते. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. निरोगी जागी टणक, खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्या जागी भद्द. आवाज बदलेल तिथे खडूने खुणा कराव्यात. संध्याकाळी उभे राहून त्या खुणांचा नकाशा पाहिला, की पाणी कुठून शिरले ते बहुधा आपोआप कळते. सुकाणूचे पातेही असेच तपासावे: बोट पाण्याबाहेर काढून आठवडा झाला तरी त्यातून तपकिरी पाणी ठिबकत असेल, तर आतल्या स्टीलच्या चौकटीला गंज लागला आहे असे धरून ते उघडावे.

शिडांचे कापड बहुधा टिकलेले असते, शिवण मात्र उन्हाने आधी मरते. दाभणाच्या टोकाने टाके उचलून पाहावेत. दोरा पटकन तुटला तर संपूर्ण शीड पुन्हा शिवून घ्यावे आणि त्याच फेरीत मोठ्या शिडाला तिसरी रीफ, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड आणखी लहान करण्याची सोय, घालून घ्यावी. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या बोटींना ती सहसा नसते.

एवढे झाल्यावर आपल्या यादीकडे वळू. विजेचे गणित आधी कागदावर करावे. १२ व्होल्टच्या बोटीवर फ्रिज दिवसाला साधारण ५० अँपिअर-तास घेतो आणि विजेवर चालणारे सुकाणूयंत्र, म्हणजे बोट आपोआप मार्गावर ठेवणारे यंत्र, जवळपास तेवढेच किंवा अधिक घेते. १०० वॉटचे पॅनेल भरपूर उन्हात, सावली न पडता, दिवसाला सुमारे ३० अँपिअर-तास देते. डोलकाठीची आणि शिडाची सावली पडणारच, म्हणून हिशेब हात राखून करावा. लिथियम बॅटऱ्या चांगल्या आहेत, पण त्या इंजिनच्या अल्टरनेटरकडून (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून) सतत पूर्ण क्षमतेने वीज ओढतात आणि त्याची सोय नसेल तर अल्टरनेटर जळतो. त्यामुळे फक्त बॅटरी बदलून भागत नाही, चार्जिंगची सगळी व्यवस्था बदलावी लागते.

वजनाचा विचारही आताच करावा. आपल्या मापाच्या बोटीवर साधारण दोनशे किलो सामान चढले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण १० मिलिमीटरची नांगराची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे ६० मीटर साखळीच सुमारे १३५ किलोची आणि तीही बोटीच्या अगदी टोकाला. साखळीत काटकसर करू नये; इतर ठिकाणी जरूर करावी.

दोन वर्षांतला पहिला हंगाम मात्र आपण बोट जशी आहे तशी, फक्त तळ, डोलकाठी आणि सुकाणू दुरुस्त करून, चालवावी असे मला मनापासून वाटते. चार-पाच रात्री सलग समुद्रावर काढल्यावर आपली यादी बदललेली असेल. झोपताना अंग न घसरू देणारी फळी आणि अंधारात हाताला लागणारा कठडा त्या यादीत रडारच्या वर गेलेले असतील.

प्रश्न : दोघांनीच बोट चालवायची तर सुकाणू कोण सांभाळणार? विजेवरचे यंत्र घ्यावे की वाऱ्यावर चालणारे?

उत्तर : लांबच्या सफरीसाठी वाऱ्यावर चालणारे. ब्लाँडी हॅस्लर यांनी १९६० च्या अटलांटिकपार एकट्याच्या शर्यतीत आपल्या छोट्या बोटीवर असे यंत्र वापरून दाखवले आणि त्याचे तत्त्व आजही तेच आहे: पाण्यात सोडलेले पाते बोटीच्या वेगातूनच बळ घेते, म्हणून वारा वाढला की यंत्राची ताकदही वाढते आणि त्याला विजेचा एक थेंबही लागत नाही. त्याच्या मर्यादा दोन. ते होकायंत्राला नव्हे तर वाऱ्याला धरून चालते, त्यामुळे वारा फिरला की बोटही फिरते. आणि इंजिनवर, निवांत हवेत त्याचा उपयोग होत नाही. तेवढ्यासाठी एक लहान विजेवरचे यंत्र जवळ असावे.

यंत्र कोणतेही घेतले तरी ते मोडू शकते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३२ फुटी 'सुहैली'तून एकट्याने, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यातला ऑस्ट्रेलियापासून पुढचा प्रवास सुकाणूयंत्र मोडल्यानंतरचा आहे. शिडांचा तोल साधून त्यांनी बोट सरळ चालती ठेवली. ही विद्या आपल्या बोटीवर आपणही आधीच शिकून घ्यावी: पुढचे आणि मागचे शीड किती ओढले असता ती हात न लावता मार्ग धरते, ते वेगवेगळ्या वाऱ्यांत पाहून वहीत लिहून ठेवावे. संकटकाळी लावायचा सुकाणूचा दांडा बोटीसोबत आला असेल, तर तो प्रत्यक्ष बसवून तासभर चालवूनही पाहावा. दांडा बसतो, पण फिरवताना केबिनच्या भिंतीवर आपटतो, असे मी दोन बोटींवर पाहिले आहे.

प्रश्न : गोड्या पाण्याचे यंत्र घेतले, तर मोठ्या टाक्यांची गरज उरते का?

उत्तर : उरते. हे यंत्र सुमारे ५५ बार दाबाने समुद्राचे पाणी पडद्यातून ढकलते. पंप, वीज किंवा पडदा यांपैकी काहीही बिघडले की ते बंद. काटकसरीने माणशी दिवसाला चार लिटर धरावे, सफरीचे दिवस दीडपट धरावेत आणि तेवढे पाणी निघतानाच बोटीवर असावे, तेही दोन वेगळ्या टाक्यांत, म्हणजे एक दूषित झाली तरी दुसरी शाबूत राहील. छताच्या कापडाला पावसाचे पाणी धरणारी नळी शिवून घेणे हे यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे आणि ते आधी करावे.

प्रश्न : आमचे डिझेल इंजिन आजवर एकदाही बंद पडलेले नाही. तरीही टाकी साफ करावी का?

उत्तर : अवश्य. शांत पाण्यात टाकीच्या तळाशी गाळ, पाणी आणि त्या पाण्यावर वाढणारे काळे, बुळबुळीत जंतू वर्षानुवर्षे स्वस्थ पडून असतात. मोठ्या लाटांत टाकी घुसळली की ते सगळे एकाच वेळी फिल्टरमध्ये येते आणि इंजिन नेमके बंदराच्या तोंडाशी थांबते. टाकीच्या वरच्या बाजूला हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढे झाकण नसेल, तर ते करून घ्यावे, तळ स्वतः पुसून काढावा आणि दोन फिल्टर शेजारी-शेजारी असे बसवावेत की एक तुंबला तर नुसती कळ फिरवून दुसऱ्यावर जाता येईल.