डेटला विचारल्यावर समोरून 'रेन चेक' असं उत्तर आलं, म्हणजे नक्की काय?

म्हणजे 'आज जमणार नाही, पुन्हा कधीतरी भेटू.' हा नकार नाही, निदान वरवर तरी.

हा शब्द अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावरून आलाय. १८८०च्या दशकात पावसाने सामना रद्द झाला की प्रेक्षकांना नंतरच्या सामन्याला फुकट प्रवेश मिळायचा. त्यासाठीचं कूपन, किंवा तिकिटाचाच जपून ठेवलेला तुकडा, म्हणजे रेन चेक. (हा बँकेचा चेक नव्हे.) विसाव्या शतकात लोक जेवणाची, भेटीची आमंत्रणं पुढे ढकलतानाही तो वापरू लागले.

खरी मेख पुढच्या मेसेजात असते. पाठोपाठ 'शनिवारी चालेल का?' आलं, तर रस आहे. दुसऱ्यांदाही नुसतंच 'रेन चेक' आलं, तर गोडीत कटवलंय असं समजा.