जुन्या फोक्सवॅगन बीटलचं १६०० सीसी इंजिन बांधल्यावर तापतंय. कोणता ऑइल कुलर आणि शराउड घ्यावं? थर्मोस्टॅट काढून टाकला तर चालेल का?

थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर लांब होऊन हवेच्या झडपा उघडणारा भाग, काढू नका. त्या झडपाही काढू नका. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांना एकच विचारा, झडपा काढल्यावर पंख्याची हवा शराउडच्या, म्हणजे ती हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या पत्र्याच्या डब्याच्या, आत कुठून कुठे जाते? याचं उत्तर आल्याशिवाय त्यांच्या हातात पाना देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की नवीन बांधलेलं इंजिन चढावर तापतं आणि मिस्त्री बाहेरून मोठा ऑइल कुलर आणि इलेक्ट्रिक पंखा लावायचं म्हणतोय. माझ्याबाबतीत हुबेहूब हेच झालं होतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

माझी बीटल गॅरेजमधून परत आली तेव्हा इंजिन दिसायला झकास होतं. क्रोमचं शराउड, नवी छोटी पुली, सगळं लखलखीत. जुना काळा पत्रा कुठाय विचारलं तर म्हणे, ते गंजकं काय करायचंय? मी गाडी देतानाच बजावलं होतं की पत्र्याचा एकही तुकडा टाकायचा नाही. मग स्वतः आत जाऊन भंगारातून जे सापडलं ते एका खोक्यात भरून घरी आणलं. त्या खोक्यानेच पुढे इंजिन वाचवलं.

पहिल्याच लांब चढानंतर गाडी थांबवली, तर आयडलला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला. भाऊजी सोबत होते. भाऊजी म्हणजे ताईचे मिस्टर. जन्मभर गाड्यांत हात घातलेला माणूस, घरात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी तिथेच निकाल दिला, "एअर-कूल्ड आहे, तापणारच. थर्मोस्टॅट थंड मुलखातल्या लोकांसाठी असतो, नाहीये ते बरंच झालं. कुलर मोठा टाक." मी म्हटलं, भाऊजी, २००३ साली मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून शेवटची बीटल बाहेर पडली, तीसुद्धा हवेवरच थंड होणारी होती. या इंजिनात मुळातच दोष असता तर जगभर दोन कोटींहून जास्त गाड्या चालल्या असत्या का? ते म्हणाले, पुस्तकं वाचून गाडी चालत नाही.

वाद तोंडी मिटणारा नव्हता. म्हणून आधी ऑइलच्या तापमानाचा मीटर बसवला आणि तोच चढ पुन्हा चढलो. काटा १३० अंशांच्या वर गेला. मग इंजिन खाली उतरवलं.

वरचं शराउड काढून उलटं धरलं, तर आत नुसता गुळगुळीत डबा. मूळच्या शराउडच्या आत पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या पंख्याची हवा दोन्ही बाजूच्या सिलिंडरांत वाटून देतात. क्रोमच्या स्वस्त मालात त्या बरेचदा नसतातच. सिलिंडरांच्या खाली, पुशरॉडच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या वर, दोन छोटे पत्रे लागतात. वरून आलेली हवा सरळ खाली पडून जाऊ नये, फिन्सना (सिलिंडरांवरच्या थंडाव्याच्या पात्यांना) लपेटून जावी, एवढंच त्यांचं काम. ते दोन्ही गायब. इंजिन जमिनीवर असताना हे पत्रे बसवणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि इंजिन गाडीत चढवल्यावर ते आहेत की नाहीत हेही दिसत नाही. त्यामुळे बांधणाऱ्याने विसरले की कायमचे विसरले.

प्लगच्या टोप्यांवर रुंद रबरी चकत्या असतात, त्या पत्र्यातली भोकं बंद करतात. माझ्या टोप्या साध्या होत्या, म्हणजे चार भोकं उघडी. हीटर जोडलेलाच नव्हता, त्यामुळे शराउडच्या मागच्या बाजूला मनगट जाईल एवढी दोन तोंडं तशीच उघडी, पंख्याने ओढलेली हवा तिथून फुकट बाहेर. इंजिनाभोवतीचं रबर बीडिंग तुकड्यातुकड्यांत. या गाडीत पत्रा आणि रबर मिळून एक पडदा करतात, वर थंड हवा आणि खाली गरम. पडदा फाटला की पंखा खालची गरम हवाच परत ओढतो. नव्या सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांच्या टोकावरच्या झाकणाच्या) फिन्समध्ये ओतकामाचे पापुद्रे तसेच राहिले होते. हॅकसॉच्या पात्याने ते एकेक मोकळे केले.

आता क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या पोटाचं, व्हेंटिलेशन. याकडे लोक गळती म्हणून बघतात, पण तापण्याशी त्याचा थेट संबंध आहे. या इंजिनात क्रँकच्या पुलीकडच्या टोकाला रबरी ऑइल सील नसतंच. तेल फेकणारी एक चकती आणि पुलीवरचे आटे, एवढ्यावरच ते तेल आत राहतं. तेल भरायच्या नळीपासून एअर फिल्टरला जाणारी ब्रीदरची (आतला दाब बाहेर सोडणारी) नळी दबली किंवा चोंदली, की क्रँककेसमधला दाब पुलीपाशी तेल बाहेर ढकलतो. ते तेल उडतं, त्यावर धूळ बसते आणि फिन्सवर जाड थर जमतो. माझ्या पुलीमागे ते दिसत होतं, आणि नळीवर कुणीतरी बोळा कोंबून क्लिप आवळली होती. नळी नवी टाका. ब्रीदरच्या खालच्या टोकाला रबरी तोंड असतं, तेही आहे का बघा.

खोक्यातलं सगळं साफ करून, काळा रंग मारून परत बसवलं, थर्मोस्टॅट आणि झडपांसकट. तोच चढ, तेवढीच माणसं, त्याच ग्रेडचं ऑइल. काटा ११० च्या खाली राहिला. भाऊजी शेजारीच बसले होते, काटा त्यांनी स्वतः बघितला. आजही ते म्हणतात, फरक पडला तो ऑइल ताजं होतं म्हणून. भाऊजी, ऑइल पहिल्या खेपेलाही ताजंच होतं.

तर तुमची खरेदी. शराउड जुनं, मूळचं, सेकंडहँड घ्या, दबलेलं असलं तरी चालेल. १९७१ च्या मॉडेलपासून आलेलं डॉगहाऊस मिळालं तर तेच. आधीच्या शराउडमध्ये ऑइल कुलर आत, डाव्या सिलिंडरांच्या वाटेत उभा असायचा आणि तीन नंबरचा सिलिंडर त्यापायी तापायचा. डॉगहाऊसमध्ये कुलरला वेगळं घर आणि गरम हवेला बाहेर जायची वेगळी वाट आहे. मात्र त्याचा पंखाही रुंद असतो, जोडीनेच घ्या. पुली मूळच्या मापाची. छोटी पुली लावली की पंखा हळू फिरतो, म्हणजे थोड्याशा ताकदीसाठी तुम्ही थंडावा विकता. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिमी दबला पाहिजे. याच बेल्टवर डायनामो आणि पंखा दोन्ही चालतात, म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद करा.

इलेक्ट्रिक पंख्याच्या नादी लागू नका. मूळचा पंखा इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. बाहेरचा जादा कुलर वाईट नाही, पण वर सांगितलेलं सगळं जागेवर असूनही तापत असेल तरच, किंवा इंजिन मोठ्या बोअरचं (जास्त रुंद सिलिंडरांचं) केलं असेल तर.

थर्मोस्टॅटबद्दल एक राहिलं. गरम पाण्यात टाकून बघा, ६५ ते ७० अंशांपर्यंत तो लांब व्हायला हवा. थंड असतानाच लांब असेल तर फुटलेला आहे. फुटला की झडपा उघड्याच राहतात, त्यामुळे तो बिघडून इंजिन जाळत नाही. पण झडपा गंजून बंद अवस्थेत अडकल्या असतील तर मात्र धोका खरा आहे, त्या हाताने मोकळ्या हलतात की नाही हे इंजिन चढवण्याआधी तपासा.

आणि हे सगळं उघडण्याआधी इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघून घ्या, कार्ब्युरेटर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) तर चालत नाही ना तेही. त्यानेही हेड तापतं, आणि ते बघायला इंजिन उतरवावं लागत नाही.