जुने पॅनेल: पॉलिश मागाहून, आधी वायरी

गोव्यातल्या कुडचड्याजवळच्या रेल्वेच्या जुन्या पॉवर रूमबद्दलची तुमची पोस्ट वाचली. खोली पाडायची आहे, संगमरवरी पाट्याचे स्विचचे पॅनेल आणि नीलचे बॉल टोकन यंत्र (एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी सुटावी म्हणून स्टेशनात ठेवायचे ते) तुमच्या मंडळाला मिळू शकते, आणि तुमचा प्रश्न आहे पितळ कशाने घासायचे. घासायचे राहू द्या हो. मी रेल्वेचा माणूस नाही, गावठी संग्राहक आहे, तेव्हा चूक असेल तर जाणकारांनी सांगावे. पण तुमचा फोटो पाहून आमचे प्रकरण आठवले.

आम्हीही असेच एक पॅनेल मागितले होते. कार्यालयाचे नाव घेत नाही. एक खिडकी म्हणे हे इलेक्ट्रिकलचे, इलेक्ट्रिकलवाले म्हणत सिग्नलचे, दोघेही शेवटी स्टोअर्सकडे बोट दाखवत. कुणाच्याच यादीत ते 'जुनी वस्तू' म्हणून नव्हते, फक्त भंगार म्हणून होते. अखेर एका साहेबांनी मोठ्या मनाने पॅनेल दिले. मागच्या वायरी मात्र तांब्याच्या, म्हणून त्या वजनावर लिलावात. ग्राइंडरने सगळ्या एका रेषेत कापलेल्या, प्रत्येक टर्मिनलवर दोन बोटे लांबीचा कापडी वेष्टणाचा तुकडा उरलेला. आणि वायरींवरचे नंबरचे बिल्ले? ते काढून, घासूनपुसून, एका गोणत्यात भरून वर आम्हाला भेट! सर्किटचा नकाशा मागितला तर मुदत संपली म्हणून फाइल रद्दीत गेलेली. आज ते पॅनेल दिसते झकास, पण कुठला स्विच काय चालवायचा हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून अर्जात 'पॅनेल' एवढेच लिहू नका. पॅनेल, मागची वायरिंग, बिल्ले, सर्किट डायग्राम, फेल्युअर रजिस्टर म्हणजे बिघाडांची वही, हे सगळे एकत्र, एकाच लॉटमध्ये मागा, आणि सामान निकाली काढल्याचा कागद निघण्याआधी मागा. एकदा ते ई-लिलावाच्या यादीत चढले की समोर भंगारवाला असतो, आणि त्याला इतिहासाशी काय देणेघेणे? माहिती अधिकाराने कागदाची प्रत मिळेल, वस्तू नाही. तोही कागद शिल्लक असेल तर.

टोकन यंत्र एकटे घेऊ नका. पुढच्या स्टेशनचे जोडीचे यंत्र कुठे आहे ते शोधा. दोन्ही यंत्रे एकमेकांच्या संमतीनेच एक चेंडू सोडतात, एक बाहेर असताना दुसरा निघत नाही. एकेरी मार्गावरची सगळी सुरक्षितता त्यात आहे. एकट्याने ठेवले तर नुसती लोखंडी पेटी. गेज (रुळांमधली रुंदी) बदलले तेव्हा, १९९०च्या दशकात, आपल्या या मार्गावरचे असे किती सामान गेले असेल देव जाणे. १८८८ साली गोव्याच्या सरहद्दीपर्यंत पोहोचलेली लाइन आपली, आणि दाखवायला उरलेय काय?

सफाईबद्दल थोडक्यात. तुम्ही पोस्टमध्ये लिहिलेला मावशीचा सोलांचा (आमसुलांचा) उपाय तांब्याच्या कळशीला ठीक, इथे नको. आंबट पाणी फटीत बसते आणि अक्षरांतला काळा रंगही जातो. कोरडा मऊ ब्रश पुरे. जुन्या स्विचच्या आतल्या पांढुरक्या पट्ट्या अॅस्बेस्टॉसच्या असू शकतात, ब्लोअर मारू नका, घासू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेलही हाताने चाचपू नका. पावसाळ्यात ओल शोषणारे सिलिका जेल दोन दिवसांत दमते, त्यापेक्षा कपाटात जुन्या पद्धतीचा साधा पिवळा बल्ब लावून ठेवा. एलईडी नको, त्याला पुरेशी ऊब नाही.

आणि कुणीही कितीही आग्रह केला तरी पॅनेलला करंट देऊन बघू नका. निवृत्त मेंटेनर ओळखीचा असेल तर त्याला गणेशचवथीच्या आत एकदा समोर बसवून बोलते करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. तोपर्यंत पॅनेलच्या मागच्या बाजूचे फोटो इथे टाका, प्रत्येक टर्मिनल जवळून, नंबर दिसतील असे. वायर सोडवण्याआधी हं, सोडवल्यानंतर नव्हे.