लोकलाजेमुळे नैराश्याच्या उपचारांवर नेमका काय परिणाम होतो?
पहिलं मोठं नुकसान उशिराचं. माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो. डोकं दुखतं, पित्त होतं, झोप लागत नाही एवढंच सांगतो. मन उदास आहे, हे ओठांवर येतच नाही. तपासण्या नॉर्मल येतात आणि महिने वाया जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. लाज हे त्याचं एकमेव कारण नाही, पण मोठं आहे.

त्याहून घातक म्हणजे औषध मध्येच सोडणं. ‘सवय लागेल’ म्हणून घरचेच गोळ्या बंद करायला लावतात. या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान ६ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा किंवा व्यसन लागत नाही. मात्र एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी होते, शिवाय आजार उलटू शकतो. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्या.

कुणाला कळेल ही भीती असेल तर १४४१६ वर (टेली मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. सेवा मोफत, २४ तास, मराठीतही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.